पहिला प्रोग्रामिंग कोर्स: रन करण्याआधी उत्तर सांगता यायला हवं

विद्यापीठातला प्रोग्रामिंगचा पहिला कोर्स बऱ्याच जणांना जड जातो. क्रिस्टोफर वॉटसन आणि फ्रेडरिक ली यांनी २०१४ मध्ये १५ देशांतल्या १६१ प्रास्ताविक कोर्सचे निकाल एकत्र मांडले, तेव्हा पास होणाऱ्यांचं सरासरी प्रमाण ६७.७ टक्के निघालं. म्हणजे साधारण तिघांतला एक जण मागे राहतो. त्याआधी २००१ मध्ये मायकेल मॅकक्रॅकन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चार विद्यापीठांतल्या २१६ विद्यार्थ्यांना, पहिला कोर्स संपता संपता, प्रोग्राम लिहायला दिले होते. सरासरी गुण पडले ११० पैकी २२.८९.

पुढचा प्रश्न रेमंड लिस्टर यांच्या गटाने २००४ मध्ये विचारला, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी विद्यार्थ्यांना प्रोग्राम लिहायला सांगितलंच नाही. छोटासा तयार कोड समोर ठेवला आणि विचारलं, हा चालवल्यावर शेवटी काय उत्तर येईल? पुष्कळ विद्यार्थी इथेच अडकले. दुसऱ्याने लिहिलेल्या दहा ओळी वाचून त्यांचं काय होणार हे ज्याला सांगता येत नाही, त्याला स्वतःच्या दहा ओळी लिहिता येणार नाहीत. तो ओळी जुळवत राहील, रन करत राहील आणि कधीतरी बरोबर उत्तर येईल या आशेवर बसेल.

म्हणून खाली जे सांगतोय, ते सगळं एकाच सवयीभोवती आहे: कोड रन करण्याआधी त्याचं उत्तर स्वतः सांगायचं.

कोर्स सुरू होण्याआधीचा आठवडा

अभ्यासक्रमात कोणती भाषा आहे ते पाहा आणि तीच धरा. सी असेल तर ती १९७२ च्या सुमारास बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी घडवलेली भाषा. तिच्यात मेमरीचा हिशेब तुम्हालाच ठेवावा लागतो. पायथन गिडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ मध्ये लोकांसमोर आणली. तिच्यात वरवरचा पसारा कमी असल्यामुळे मूळ प्रश्नाकडे लवकर पोचता येतं. जावा १९९५ पासूनची. तिच्यात अगदी छोट्या प्रोग्रामलाही सहसा क्लासची (कोड ज्यात बसवायचा त्या ठरावीक साच्याची) चौकट लागते, आणि ती चौकट पहिले काही आठवडे न समजता तशीच लिहावी लागते. त्यात वाईट काही नाही. ‘नोकरीसाठी कोणती भाषा चांगली’ हा वाद या कोर्सपुरता बाजूला ठेवा. व्हेरिएबल (किंमत ठेवायचं नाव), इफ (अट), लूप (तेच काम पुन्हा पुन्हा), फंक्शन (नाव दिलेला कोडचा तुकडा), ॲरे (यादी) हे पाच विषय एका भाषेत पक्के झाले की दुसरी भाषा शिकायला फार वेळ लागत नाही. एकाच वेळी दोन भाषा सुरू केल्या तर मात्र दोन्ही कच्च्या राहतात.

सॉफ्टवेअर पहिल्या लेक्चरच्या आधीच टाकून घ्या. कोर्समध्ये जो एडिटर (कोड लिहायचं सॉफ्टवेअर) सांगितलाय तोच घ्या, कारण अडचण आल्यावर लॅबमधले लोक त्यातच मदत करू शकतात. मग एक साधी परीक्षा द्या: नवीन फोल्डर करा, त्यात फाइल बनवा, एक ओळ छापणारा प्रोग्राम लिहा, सेव्ह करा, सगळं बंद करा. आता टर्मिनल (आज्ञा लिहून द्यायची खिडकी) उघडून त्या फोल्डरपर्यंत जा आणि फाइल चालवून दाखवा. हे अडखळत झालं तर पुन्हा करा. पहिल्या लॅबमध्ये सर्वांत जास्त वेळ ‘फाइल सापडत नाही’ यातच जातो, आणि त्याचा प्रोग्रामिंगशी तसा काही संबंध नसतो. फोल्डरच्या नावात स्पेस ठेवू नका. फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे एक्स्टेन्शन, दिसेल असं सेटिंग करा.

एडिटरमध्ये पुढचा कोड आपोआप सुचवणारी एआय सोय असेल तर पहिले दोन महिने ती बंद ठेवा. तुम्ही ओळीचा विचार करण्याआधीच ती ओळ समोर आली, तर विचार करायचा राहूनच जातो.

गणिताची भीती असेल तर ती बरीचशी सोडून द्या. भागाकार, बाकी, आणि ‘आणि / किंवा / नाही’ या तीन शब्दांचा काटेकोर वापर एवढ्यावर सुरुवातीचा मोठा भाग निघून जातो.

पहिले तीन आठवडे: बरोबरचं चिन्ह म्हणजे बरोबर नव्हे

या आठवड्यांत विषय सोपा वाटतो. पण जो पाया कच्चा राहतो, तो इथेच राहतो. या ओळी पाहा:

क = ५
ख = क
क = ७

आता ख किती? उत्तर ५. ‘७’ म्हणणारे बरेच असतात, कारण शाळेतल्या बीजगणितात ख = क म्हटलं की ते कायमचं सत्य असतं. प्रोग्राममध्ये ती एका क्षणी करायची कृती आहे: उजव्या बाजूची किंमत काढ आणि डावीकडच्या नावाखाली ठेव. कृती झाली की संबंध संपला. म्हणूनच क = क + १ ही ओळ गणितात अशक्य आणि प्रोग्राममध्ये रोजची. आधी उजवी बाजू, मग डावी. हा क्रम इतका अंगवळणी पडला पाहिजे की पुन्हा त्याबद्दल विचार करावा लागू नये.

लगेच एक सराव करा. क आणि ख यांच्या किमतींची अदलाबदल करणाऱ्या ओळी कागदावर लिहा. ‘क = ख, मग ख = क’ असं लिहिलं तर काय होतं ते ओळीओळीने तपासा. क ची जुनी किंमत पहिल्याच ओळीत गेली, म्हणून तिसरं नाव लागतं. हे स्वतः शोधलेलं विसरत नाही.

यानंतर सर्वांत उपयोगाचं तंत्र, ट्रेस टेबल. कागदावर प्रत्येक व्हेरिएबलसाठी एक रकाना आखायचा आणि प्रत्येक ओळ चालल्यावर जी किंमत बदलेल ती खाली लिहायची. उदाहरणार्थ:

बेरीज = ०
न ला १ पासून ४ पर्यंत एकेक किंमत द्या, आणि प्रत्येक वेळी:
  न सम असेल तर बेरीज = बेरीज + न
  नाहीतर बेरीज = बेरीज − १

डोक्यातल्या डोक्यात करू नका, लिहा. न १ असताना बेरीज −१ होते. न २ असताना १. न ३ असताना ०. न ४ असताना ४. उत्तर ४. लिहायला मिनिटभर लागतं, पण लूप फिरतो म्हणजे नेमकं काय होतं हे त्या मिनिटात जितकं कळतं तितकं व्हिडिओ पाहून कळत नाही. फिलिप गुओ यांचं पायथन ट्यूटर नावाचं मोफत साधन हेच चित्र स्क्रीनवर एकेक पाऊल दाखवतं. ते जरूर वापरा, पण कागदावरचं काम झाल्यानंतर, पडताळणीसाठी.

लूपमध्ये सगळ्यात जास्त चुका कडेला होतात. पायथनमध्ये रेंजला (कुठून कुठपर्यंत मोजायचं ते सांगणाऱ्या आज्ञेला) १ आणि १० दिले की मोजणी ९ वर थांबते. या सर्व भाषांत यादीतला पहिला घटक शून्याव्या जागेवर असतो, म्हणून दहा घटकांच्या यादीत शेवटची जागा नववी. प्रत्येक लूप लिहिल्यावर दोनच प्रश्न विचारा: पहिल्या फेरीत किंमत काय असेल, आणि शेवटच्या फेरीत काय असेल?

टाइपकडे आधी पाहा

टाइप म्हणजे किमतीचा प्रकार: मजकूर, पूर्णांक की दशांश. वापरकर्त्याने कीबोर्डवरून दिलेलं पायथनमध्ये मजकूर म्हणून येतं, संख्या म्हणून नाही. ५ आणि ७ घेऊन त्यांची ‘बेरीज’ केली तर १२ ऐवजी ५७ मिळतं, कारण दोन मजकूर एकमेकांना जोडले जातात. सीमध्ये पूर्णांक ७ ला पूर्णांक २ ने भागलं तर ३ येतात, पायथनच्या तिसऱ्या आवृत्तीत ३.५. आणि ०.१ मध्ये ०.२ मिळवून पायथनला विचारा, उत्तर येईल ०.३०००००००००००००००४. भाषेत काही बिघडलेलं नाही. संगणक हे अपूर्णांक द्विमान पद्धतीत (फक्त ० आणि १ वापरून) साठवतो आणि ०.१ त्या पद्धतीत नेमका मावत नाही. म्हणून दशांश असलेल्या दोन संख्या ‘अगदी समान आहेत का’ असं विचारायचं नसतं. त्यांच्यातला फरक पुरेसा लहान आहे का, हे विचारायचं असतं.

पूर्णांकांनाही मर्यादा असते. सीमधला इंट (पूर्णांकाचा टाइप) बहुतेक संगणकांवर ३२ बिटांचा असतो आणि त्यात जास्तीत जास्त २,१४,७४,८३,६४७ मावतात. १२ चं फॅक्टोरियल (१ ते १२ चा गुणाकार) ४७,९०,०१,६०० असतं, ते मावतं. १३ चं ६,२२,७०,२०,८०० होतं आणि मर्यादेच्या पलीकडे जातं. प्रोग्राम थांबत नाही, तक्रार करत नाही, भलतीच संख्या छापतो. लूपमध्ये चूक शोधत बसण्याआधी हे आठवा. ४ जून १९९६ रोजी एरियन ५ हे रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झालं, त्यामागेही ६४ बिटांची दशांश संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बसवण्याचा प्रयत्न होता. टाइप हा फक्त परीक्षेपुरता विषय नाही, तो इतका गंभीर आहे.

लेक्चर आणि लॅब

लेक्चरमध्ये कोड उतरवून घेऊ नका, तो नंतर मिळतोच. शिक्षक रन करणार तेवढ्यात वहीत आपलं उत्तर लिहा. जुळलं तर पुढे. नाही जुळलं तर त्या ओळीवर खूण करा, त्या दिवसाचा अभ्यास तेवढाच. लॅबमध्ये कोड हाताने टाइप करा, कॉपी-पेस्ट नको. कंस, महिरपी कंस, अर्धविराम यांच्या कळा बोटांना सवयीच्या व्हायला हव्यात.

असाइनमेंट: एडिटर सर्वांत शेवटी उघडा

असाइनमेंट मिळाली त्याच दिवशी ती पूर्ण वाचा, करायची नसली तरी. प्रश्न डोक्यात घोळत राहिला की दुसऱ्या दिवशी निम्मा सुटलेला असतो. शेवटच्या रात्री सुरू केलेल्या कामाला हा वेळ मिळत नाही.

समजा प्रश्न आहे: दिलेलं वर्ष लीप आहे का ते सांगा. बहुतेक जण लगेच ‘४ ने भाग जातो का’ असं लिहून रन करतात, २०२४ टाकतात, उत्तर बरोबर येतं आणि सबमिट करतात. मग गुण का कापले, हे कळत नाही.

याउलट क्रम असा ठेवा. आधी कागदावर उदाहरणं, उत्तरांसकट: २०२४ होय, २०२३ नाही, १९०० नाही, २००० होय, २१०० नाही. ही पाच उदाहरणं लिहितानाच नियम उलगडतो. ४ ने भाग गेला तर लीप, पण १०० ने गेला तर नाही, पण ४०० ने गेला तर पुन्हा होय. मग तो नियम आपल्या भाषेत पायऱ्यांमध्ये लिहा. पायऱ्यांचा क्रमही इथेच ठरतो: ४०० ची तपासणी आधी, मग १००, मग ४. कारण एकदा ४ च्या अटीत प्रोग्राम शिरला की तो पुढच्या ‘नाहीतर’ कडे बघतही नाही. आता एडिटर उघडा. उरलेलं काम बऱ्यापैकी भाषांतराचं असतं.

मोठी असाइनमेंट असेल तर तीन-चार ओळी लिहा, उत्तराचा अंदाज करा, रन करा, मग पुढच्या तीन-चार. चाळीस ओळी एकदम लिहून रन केल्या तर चूक त्या चाळिसांत कुठेही असू शकते. जिथपर्यंत चालतंय तिथपर्यंतची प्रत वेगळी ठेवा. गिट (कोडच्या जुन्या प्रती जपणारं साधन) शिकलात तर उत्तम, नाहीतर तारखेच्या नावाने फाइलची कॉपी करून ठेवली तरी चालेल.

सबमिट करण्याआधी विचित्र इनपुट द्या: रिकामी यादी, एकच घटक, शून्य, ऋण संख्या. यादीतली सर्वांत मोठी संख्या शोधताना सुरुवातीची किंमत ० धरणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. यादीत सगळ्या ऋण संख्या असतील तर प्रोग्राम शून्य सांगतो, आणि शून्य तर यादीत नाहीच. सुरुवात यादीतल्या पहिल्या घटकापासून करा.

एरर आला की

एरर वाचा. पूर्ण वाचा, मोठ्याने वाचलात तरी चालेल. लाल अक्षरं दिसताच विंडो बंद करण्याची सवय पहिल्याच आठवड्यात मोडायला हवी. त्या संदेशात ओळीचा नंबर आणि चुकीचा प्रकार लिहिलेला असतो. पायथनमध्ये शेवटची ओळ आधी वाचा, खरी तक्रार तिथे असते. सी किंवा जावामध्ये एकदम वीस एरर आले तर फक्त पहिला दुरुस्त करा आणि पुन्हा कंपाइल करा (म्हणजे कोडचं संगणकाच्या भाषेत रूपांतर; ते करतो तो कंपायलर), बाकीचे अनेकदा त्याचीच पिल्लं असतात. दाखवलेल्या ओळीत काहीच चूक दिसत नसेल तर तिच्या वरची ओळ बघा. कंस किंवा अर्धविराम तिथे राहिलेला असतो आणि कंपायलरच्या ते पुढच्या ओळीवर लक्षात येतं.

एररशिवाय चुकीचं उत्तर येणं सर्वांत कठीण. इथे पुष्कळ जण इकडे एक वाढव, तिकडे चिन्ह बदल असं करत राहतात. त्यातून कधीकधी उत्तर बरोबर येतंही, पण का आलं ते कळत नाही आणि तीच चूक पुढच्या असाइनमेंटमध्ये परत भेटते. त्याऐवजी प्रोग्रामच्या मध्यावर व्हेरिएबल छापा. तिथे किंमत काय असायला हवी ते आधी लिहा, मग रन करा. जुळली तर चूक खालच्या अर्ध्यात, नाहीतर वरच्या अर्ध्यात. पुन्हा त्याचे दोन भाग करा. एका वेळी एकच बदल करा, आणि बदल केल्यावर काय घडेल ते बोलून दाखवा.

मध्यावरचा चढ: फंक्शन आणि यादी

सत्राच्या मध्याला बरेच जण सोडून देतात. त्याचं एक कारण फार छोटं आहे: प्रिंट आणि रिटर्न यांतला फरक. प्रिंट म्हणजे माणसाला दाखवणं. रिटर्न म्हणजे ज्याने फंक्शन बोलावलं त्या ओळीच्या हातात किंमत देणं. वर्ग काढणाऱ्या फंक्शनने ९ नुसते छापले तर स्क्रीनवर ९ दिसतात, पण ‘वर्ग(३) + १’ असं लिहिलं की गाडी अडते, कारण त्या ओळीला काही मिळालेलंच नसतं. दोन्ही प्रकारांनी तेच फंक्शन लिहा आणि दोन्हीच्या पुढे ‘+ १’ लावून पाहा.

दुसरं कारण याद्यांचं. वर सांगितलं की ख = क लिहिल्यावर संबंध संपतो. पायथनमध्ये क ही यादी असेल तर ख ला नवी यादी मिळत नाही, त्याच यादीला दुसरं नाव मिळतं. ख मध्ये घटक टाकला की तो क मधूनही दिसतो. हे आधीच्या नियमाच्या विरुद्ध वाटतं, पण नियम मोडलेला नाही: ख ला वेगळी यादी देऊन टाकली तर क जसाच्या तसा राहतो. ट्रेस टेबलमध्ये यादी एका चौकोनात काढा आणि दोन्ही नावांपासून तिच्याकडे बाण काढा. बाण काढल्याशिवाय हा विषय वाचून सोडू नका.

रिकर्शनसाठी (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) एवढंच पुरे: थांबण्याची अट सर्वांत आधी लिहा, आणि प्रत्येक बोलावणीसाठी कागदावर नवा चौकोन काढा. थांबण्याची अट राहिली तर पायथन साधारण हजार बोलावण्यांनंतर स्वतःच थांबवतो.

मदत मागणं, आणि एआय

अर्धा तास खरोखर प्रयत्न करूनही पुढे जाता येत नसेल तर विचारा. आणखी चार तास एकट्याने झगडण्यात शौर्य नाही. विचारताना चार गोष्टी सांगा: काय व्हायला हवं होतं, काय झालं, कोणत्या इनपुटवर, आणि आतापर्यंत काय तपासलं. हे चार मुद्दे नीट लिहितानाच अनेकदा चूक दिसते. ‘चालत नाहीये’ एवढंच म्हटलं तर समोरच्याला मदत करायची इच्छा असूनही करता येत नाही.

एआय चॅटबॉटबद्दल आधी कोर्सचा नियम वाचा आणि तो पाळा. परवानगी असेल तर त्याला एररचा अर्थ विचारा, ट्रेस करण्यासाठी छोटे प्रोग्राम बनवून मागा, तुमचं उत्तर तपासून घ्या. असाइनमेंटचं उत्तर मागू नका. तो उत्तर देईल, ते चालेल, वाचताना समजल्यासारखंही वाटेल. खरं समजलं का, याची एकच कसोटी आहे: दुसऱ्या दिवशी सगळं बंद करून कोऱ्या फाइलमध्ये ते पुन्हा लिहा.

मित्राचा कोड नावं बदलून देण्याचा विचारही करू नका. ॲलेक्स एकेन यांनी १९९४ मध्ये बनवलेलं मॉस आणि तशी इतर साधनं कोडची रचना ताडून पाहतात, व्हेरिएबलचं नाव बदलल्याने त्यांना फरक पडत नाही. मित्राबरोबर बसून कागदावर पायऱ्यांची चर्चा करायला कोर्सच्या नियमांत मुभा असेल तर ती जरूर करा. मग वेगवेगळे होऊन आपापला कोड लिहा.

परीक्षा

परीक्षा कागदावर असेल तर सरावही कागदावर करा. स्क्रीनवर एडिटर कंस पूर्ण करतो, चुका रंगवतो, आणि परीक्षेत यातलं काही नसतं. शेवटचे दोन आठवडे रोज एक छोटा प्रोग्राम हाताने लिहा, हाताने ट्रेस करा, आणि मगच टाइप करून तपासा. जुन्या प्रश्नपत्रिकांतले ‘आउटपुट काय येईल’ हे प्रश्न आधी सोडवा. उत्तर पूर्ण येत नसेल तर कोरी जागा सोडू नका: फंक्शनची पहिली ओळ, इनपुट, थांबण्याची अट, आणि राहिलेल्या पायऱ्या साध्या वाक्यांत लिहा. पायऱ्यांना गुण असतील तर ते मिळण्याची शक्यता राहते.

मागे पडलात तर

चुकलेली लेक्चर क्रमाने पाहत बसू नका. वहीत मागे जा आणि असा शेवटचा विषय शोधा ज्यातल्या कोडचं उत्तर तुम्ही रन न करता सांगू शकता. तो पहिल्या आठवड्यातला असला तरी हरकत नाही. त्याच्या पुढच्या विषयाचे पाच छोटे प्रोग्राम घ्या, प्रत्येकाचं टेबल काढा, अंदाज लिहा, मग रन करा. पाचही जुळेपर्यंत पुढचा विषय उघडू नका. या काळात चालू असाइनमेंटमधला जेवढा भाग जमतो तेवढा वेळेवर सबमिट करत राहा, आणि शिक्षकांना किंवा लॅब सहायकांना भेटून नेमका कोणता विषय अडलाय ते सांगा.